नवसाचे चर्च : कश्मीरी दरवाज्याजवळचा मराठी इतिहासाचा एक धागा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 विषयाची पत्रिका हाती पडल्यावर आपणांपैकी काहींच्या मनात प्रश्न आला असेल की, मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात दिल्लीतल्या एका जुन्या चर्चवर भाषण कशासाठी? पानिपत आहे, महादजी शिंदे आहेत, बाजीरावांची दिल्लीवरील धडक आहे. एवढे सगळे सोडून हा वक्ता आपल्याला थेट गिरिजाघरात का नेतो आहे?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आरंभीच दिलेले बरे. कश्मीरी दरवाज्याजवळचे सेंट जेम्स चर्च ज्या माणसाने बांधले, तो शिंद्यांच्या फौजेत चाकरीला होता. ते बांधण्याचा संकल्प त्याने केला, तो शिंद्यांच्या चाकरीत असताना, रणांगणावर जखमी होऊन पडलेल्या अवस्थेत. आपल्या भाषेत सांगायचे तर ते नवसाचे चर्च आहे, आणि तो नवस मराठ्यांच्या लष्करी इतिहासाच्या एका पानावर बोलला गेला आहे. ते पान बहुधा कोणी उलटून पाहत नाही. आज आम्ही तेवढेच करणार आहोत.

ख्रिस्ती देवालय म्हणजे आपल्या इतिहासाबाहेरची गोष्ट, अशी एक समजूत आपल्यात नकळत रुजलेली असते. वस्तुस्थिती तशी नाही. फादर स्टीफन्स यांनी गोमंतकात रचलेले क्रिस्तपुराण १६१६ साली छापून निघाले, आणि त्यातील मराठीचे कौतुक आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पुण्यात क्वार्टर गेटजवळ जे सिटी चर्च आहे, त्याची जागा १७९२ मध्ये, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, पेशव्यांनी दिली. पेशव्यांच्या चाकरीत ख्रिस्ती शिपाई होते आणि त्यांना प्रार्थनेसाठी जागा हवी होती. जो आपल्या निशाणाखाली लढतो, त्याच्या देवालाही आपल्या गावात जागा असावी, इतका साधा तो हिशेब होता. तेव्हा दिल्लीच्या या चर्चकडे जाताना आपण परक्या अंगणात पाऊल टाकत नाही, एवढे ध्यानात ठेवू या.

आता थोडे दिल्लीतील मराठ्यांविषयी. पानिपतच्या आघातानंतर अवघ्या दहा वर्षांत मराठे पुन्हा दिल्लीत आले, आणि १७७२ च्या जानेवारीत बादशहा शाह आलम त्यांच्या आश्रयाने आपल्या राजधानीत परतला. १७८४ मध्ये वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांच्या नावे मिळवून महादजींनी साम्राज्याचा कारभार आपल्या हाती घेतला. १७८८ मध्ये गुलाम कादिराने बादशहाचे डोळे काढले, तेव्हा दिल्ली सोडविली ती महादजींच्या फौजेने. त्यानंतर १८०३ पर्यंत लाल किल्ल्यावर शिंद्यांचा पहारा होता.

एवढ्या दीर्घ संबंधाची खूण म्हणून आपण दिल्लीत काय ठेवले? सदाशिवरावभाऊंनी १७६० मध्ये फौजेच्या पगारासाठी दिवाण-इ-खासचे रुपेरी छत उतरवून त्याची नाणी पाडली, ही गोष्ट दिल्लीकर अजून सांगतात. ती अडचणीच्या वेळची होती हे खरे; पण लोकांच्या ध्यानात राहिली ती छत काढून नेल्याची गोष्ट. दुसऱ्या बाजूस चांदणी चौकातील गौरीशंकर मंदिर आहे. ते १७६१ मध्ये आप्पा गंगाधर या मराठा शिपायाने बांधल्याचे सांगतात, आणि तिथे आजही दिवा लागतो. सत्ता गेली आणि एका शिपायाने बांधलेले देऊळ उरले, हे आपण लक्षात ठेवावे. पुढे जे सांगायचे आहे, त्याचे सूत्र यातच आहे.

महादजींच्या फौजेचे एक मोठे अंग म्हणजे द बॉयन या सॅव्हॉय प्रांतातील सेनानीने उभारलेली कवायती पलटणे. अलीगढ, त्या काळचे कोईल, हे या पलटणांचे मुख्य ठाणे होते. महादजी १७९४ मध्ये वानवडीस निवर्तले. त्यानंतर दौलतरावांच्या अमदानीत, १७९५ च्या सुमारास, या फौजेत सतरा वर्षांचा एक तरुण दाखल झाला. त्याचे नाव जेम्स स्किनर.

स्किनरचा जन्म १७७८ चा, कलकत्त्याचा. वडील हर्क्युलिस स्किनर हे स्कॉटलंडचे, कंपनी सरकारच्या लष्करातील अधिकारी. आई रजपूत घराण्यातील. मुलींना शाळेत पाठविण्यावरून घरात वाद झाला. मुली पडद्याबाहेर गेल्या तर कुळाची अब्रू जाईल, या भावनेने त्या माउलीने १७९० मध्ये स्वतःचा अंत करून घेतला. दोन संस्कृतींच्या घरात वाढणाऱ्या मुलाने बाराव्या वर्षी हे पाहिले.

पुढे वडिलांच्या वाटेने कंपनीच्या फौजेत जावे, तर तीही वाट बंद झाली होती. ज्याच्या मातापित्यांपैकी एक हिंदी असेल, त्याला कंपनीच्या सनदी अगर लष्करी अधिकारपदावर घ्यावयाचे नाही, असा ठराव १७९१ मध्ये झाला. १७९५ मध्ये तो अधिक कडक करून अशा मुलांना फौजेत बासरी, ढोल किंवा बँड वाजविणे आणि घोड्यांना नाल ठोकणे एवढीच कामे ठेवली. म्हणजे मुलगा इंग्रज नाही, कारण त्याची आई हिंदी. मग तो आला आपल्याकडे. शिंद्यांच्या फौजेने त्याची आई कोण हे विचारले नाही, तलवार चालविता येते की नाही एवढेच पाहिले.

इथून आपण मूळ प्रसंगाकडे वळू. साल १८००. राजस्थानात आजच्या टोंक जिल्ह्यात उनियारा नावाचे गाव आहे. करौलीच्या राजाच्या मदतीस पाठविलेल्या पलटणाचा स्किनर हा अंमलदार होता. ऐन वेळी करौलीकरांचे लोक बाजूला झाले आणि उनियाऱ्याच्या फौजेपुढे स्किनरची पलटण एकटी पडली. ती लढत लढत मागे हटली आणि संपली. जांघेत गोळी लागून स्किनर पडला. भोवती त्याचेच शिपाई, कोणी मेलेले, कोणी मरणाच्या वाटेवर. एक रात्र गेली, दिवस गेला, पुन्हा रात्र आली. पाणी नाही. रात्री कोल्हे येत आणि ज्यांच्या अंगात बळ होते ते दगड मारून त्यांना हाकलीत. अशा अवस्थेत त्या तरुणाने मनोमन संकल्प केला की, यातून जगलो तर देवाचे एक घर बांधीन.

सकाळी त्या मैदानात एक म्हातारा आणि एक म्हातारी आली. चर्मकार जातीची ती माणसे होती. त्यांच्याजवळ एक टोपली आणि पाण्याचे मडके होते. म्हातारी प्रत्येक जखमी माणसापाशी थांबे, टोपलीतला ज्वारीच्या भाकरीचा तुकडा देई आणि पाणी पाजी. स्किनरला तिने पाजले आणि तो वाचला. त्याच्याजवळच एक रजपूत सुभेदार पडला होता. त्याने ते पाणी घेतले नाही. आता राहिले आहेत ते काही तास. तेवढ्यासाठी जात कशाला सोडू, असे त्याचे म्हणणे होते. पुढे उनियाऱ्याच्या राजाची माणसे आली, त्यांनी जखमींना उचलून नेले, आणि बरा झाल्यावर राजाने स्किनरला सन्मानाने सोडून दिले. त्यानंतर स्किनरने त्या म्हातारीला हजार रुपये पाठविले.

हा सर्व वृत्तांत स्किनरने स्वतः आपल्या आठवणींत सांगितला आहे. त्या फारसीत लिहिलेल्या होत्या. त्यांचे इंग्रजी रूप जेम्स बेली फ्रेझर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केले. या वृत्तांतात सुभेदाराची जात आहे, म्हातारीची जात आहे; पण तिचे नाव नाही. मराठी वाचकाला हा प्रसंग वाचताना महाड आठवल्यावाचून राहत नाही. कोणाच्या हातचे पाणी घ्यायचे आणि कोणी कोणत्या पाण्याला शिवायचे नाही, हा प्रश्न आपल्या समाजाने किती जीव घेऊन सोडविला, आणि अजून पुरता सोडविला की नाही, हे आपण स्वतःस विचारावे. सेंट जेम्स चर्चच्या पायात जो पहिला दगड आहे, तो आमच्या मते त्या मडक्यातल्या पाण्याचा आहे.

नवस बोलला आणि फेडला यांत तब्बल छत्तीस वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात पुष्कळ घडले. १८०३ मध्ये शिंदे आणि इंग्रज यांच्यात युद्ध पेटले. शिंद्यांच्या फौजेचा त्या वेळचा फ्रेंच सेनापती पेराँ याने इंग्रज रक्ताच्या अधिकाऱ्यांना काढून टाकले. स्किनरला चाकरी सोडायची नव्हती. तसे त्याने बोलूनही दाखविले. पण पेराँचा त्याच्यावर विश्वास उरला नव्हता. बाप इंग्रज म्हणून इकडून नकार, आई हिंदी म्हणून तिकडून नकार, अशी त्याची स्थिती झाली. अखेर तो जनरल लेककडे गेला. तिथेही त्याने एक अट घातली. ज्यांचे मीठ खाल्ले त्या शिंद्यांविरुद्ध आपण शस्त्र उचलणार नाही, ही ती अट. आणि लेकने ती मान्य केली.

त्याच वर्षी ११ सप्टेंबर रोजी यमुनेच्या पूर्वेस पटपडगंजच्या परिसरात लढाई झाली. बुर्क्यँ याच्या हुकमतीखालील शिंद्यांच्या पलटणांचा पराभव झाला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. नोएडाच्या गोल्फ मैदानात या लढाईचा एक स्मारकस्तंभ आहे. तो इंग्रजांनी १९१६ मध्ये उभारला. नोएडा, मयूर विहार, पटपडगंज या भागांत राहणारी आपली कितीतरी मराठी कुटुंबे रोज त्या रणांगणावरून कचेरीला जातात. लढाईनंतर शिंद्यांकडील हिंदुस्थानी घोडदळाची एक तुकडी इंग्रजांकडे आली. सरदार कोण हवा, असे विचारताच त्या स्वारांनी एका आवाजात ‘सिकंदरसाहेब’ हे नाव घेतले. स्किनरला शिपाई याच नावाने ओळखत. पिवळ्या अंगरख्यांचे हे घोडदळ पुढे ‘स्किनर्स हॉर्स’ म्हणून प्रसिद्धीस आले. ते आजही भारतीय लष्करात रणगाड्यांचे दल म्हणून सेवेत आहे. त्याच्या मुळाशी शिंद्यांचे स्वार होते, ही गोष्ट आपण मुलांना सांगण्याजोगी आहे.

हरियाणातील हांसी येथे स्किनरची जहागीर आणि घोडदळाचे ठाणे होते. दिल्लीत कश्मीरी दरवाज्याजवळ त्याची हवेली होती. बादशहाने त्याला नासिरुद्दौला, गालिब जंग असे किताब दिले. तो फारसीत लिही. जातीजमाती आणि त्यांचे व्यवसाय यांची माहिती देणारा ‘तशरीह-उल-अक्वाम’ हा सचित्र ग्रंथ त्याने १८२५ मध्ये सिद्ध केला, आणि राजेरजवाड्यांच्या घराण्यांवरील ‘तझकिरत-उल-उमरा’ १८३० मध्ये. दिल्लीच्या चित्रकारांना त्याने काम दिले. त्यांपैकी गुलाम अली खान याने १८२७ मध्ये रंगविलेले स्किनरच्या दरबाराचे चित्र आज लंडनच्या लष्करी संग्रहालयात आहे.

आता प्रत्यक्ष वास्तूकडे येऊ. बांधकामास १८२६ मध्ये आरंभ झाला. आराखडा मेजर रॉबर्ट स्मिथ या अभियंत्याचा, आणि काम तडीस नेले कॅप्टन द ब्यूद याने. हा रॉबर्ट स्मिथ आपल्या ओळखीचा आहे. कुतुबमिनाराच्या हिरवळीवर एक पोरकी छत्री उभी दिसते ना? मिनाराची दुरुस्ती करताना त्याने ती शिखरावर चढविली होती, आणि शोभत नाही म्हणून १८४८ मध्ये ती खाली उतरवून ठेवली. लोक तिला स्मिथचा वेडेपणा म्हणतात. कुतुबावर ज्याचे हसे झाले, त्याच माणसाने कश्मीरी दरवाज्यापाशी मात्र नेमकेपणाने काम केले, हा न्याय त्याला द्यायला हवा.

आपण युरोपातील चर्चची जी चित्रे पाहतो, त्यांत बहुधा एक लांब दालन असते, दुतर्फा खांबांच्या रांगा आणि शेवटी वेदी. आपल्या कार्ल्याच्या चैत्याची मांडणी आठवा. दारातून आत शिरले की नजर सरळ टोकाशी असलेल्या स्तूपाकडे ओढली जाते. सेंट जेम्सची मांडणी वेगळी आहे. इथे समान लांबीच्या चार भुजांचा क्रूस आहे, आणि चारही भुजा जिथे मिळतात तिथे अष्टकोनावर उभारलेला भव्य घुमट आहे. आत आलेला माणूस थोडे चालला की थेट घुमटाखाली, वास्तूच्या काळजात येऊन उभा राहतो. घुमटाच्या तळाशी असलेल्या झरोक्यांतून उजेड पाझरतो. बाहेरचा गोंगाट त्या उंचीत विरून जातो. युरोपीय कलेचे जाणकार या घुमटात फ्लॉरेन्सच्या घुमटाचा भास पाहतात. दिल्लीकराला मात्र मध्यभागी घुमट आणि भोवती समतोल बाजू म्हटले की हुमायूनची कबर आठवते. दोघांचेही खरे आहे. पद्धत इटलीच्या पुनरुज्जीवनकाळातील. पण घुमटाखाली उभे राहण्याची सवय दिल्लीच्या हवेतली. म्हणूनच ही वास्तू या शहरात उपरी वाटत नाही.

बाहेरून पाहाल तर तीन बाजूंना खांबांचे दर्शनी मंडप आहेत, आणि पूर्वेकडच्या चौथ्या भुजेत वेदी आहे. काम विटांचे आणि गिलाव्याचे. त्यावर पिवळसर आणि पांढरा रंग. लाल दगड आणि संगमरवर यांची सवय झालेल्या दिल्लीच्या नजरेला हा पिवळा-पांढरा मेळ प्रसन्न वाटतो. नव्वद-पंचाण्णव हजार रुपये खर्च आल्याचे सांगतात, आणि तो सर्व स्किनरने स्वतःच्या पदरचा केला. २१ नोव्हेंबर १८३६ रोजी कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांच्या हस्ते चर्चची प्रतिष्ठापना झाली. उनियाऱ्याला नवस बोलणारा बावीस वर्षांचा पोरगा त्या दिवशी अठ्ठावन्न वर्षांचा वृद्ध सेनानी होता. शहाजहानाबादेतील मशिदी आणि देवळे यांच्या सान्निध्यात उभी राहिलेली ही वास्तू आजच्या दिल्लीतील सर्वांत जुन्या चर्चपैकी एक आहे.

स्किनरचा जिवलग मित्र विल्यम फ्रेझर हा दिल्लीचा कमिशनर होता. त्याला २२ मार्च १८३५ रोजी गोळी घालून ठार करण्यात आले. या खुनाबद्दल फिरोजपूर झिरक्याचे नवाब शमसुद्दीन खान यांना त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कश्मीरी दरवाज्याजवळ फाशी झाली. त्या नवाबांचा चार वर्षांचा पोरका मुलगा म्हणजे पुढे गझलेच्या दुनियेत गाजलेले कवी दाग देहलवी. फ्रेझरला स्किनरने याच चर्चच्या आवारात विसावा दिला. पुढे १८५३ मध्ये रेसिडेंट थॉमस मेटकाफचीही कबर इथेच झाली. मझहर अली खान याच्याकडून दिल्लीच्या वास्तूंची चित्रे काढवून घेऊन आपल्या मुलींसाठी त्यांचा संग्रह करणारा हाच तो रसिक. उत्तरेस एका कुंपणात स्किनर घराण्याच्या कबरी आहेत.

स्वतः स्किनर ४ डिसेंबर १८४१ रोजी हांसी येथे वारला. प्रथम तिथेच दफन झाले, आणि मग देह दिल्लीस आणून १९ जानेवारी १८४२ रोजी या चर्चमध्ये विसावला. आपल्याला उंबरठ्यापाशी पुरावे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय आपल्यावरून जातील, अशी त्याची इच्छा होती असे सांगतात. ही कथा ऐकताच आपल्याला पंढरपुरची नामदेवांची पायरी आठवते. प्रत्यक्षात त्याला वेदीसमोर जागा मिळाली. वर साधी संगमरवरी फरशी आहे. ज्याला आयुष्यभर दारात थांबविले गेले, त्याला शेवटी गाभाऱ्याजवळ नेले गेले.

वेदीमागच्या खिडक्यांतील रंगीत काचा अवश्य पाहाव्यात, त्याही सकाळच्या वेळी. वेदी पूर्वेला असल्याने कोवळे ऊन काचांतून आत येते. चित्र भिंतीवर रंगविले तर ते उजेडात दिसते. काचेतले चित्र मात्र उजेडानेच बनते, सूर्य नसेल तर तेही नाही. भिंतींवर संगमरवरी आणि पितळी स्मृतिफलक आहेत. ते अक्षरकला म्हणून पाहावेत, आणि इतिहास म्हणून सावधपणे वाचावेत.

सावधपणे म्हणण्याचे कारण १८५७. त्या वर्षी ११ मे रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत आले, आणि चर्चची लूट झाली. पुढे सप्टेंबरात इंग्रजांनी कश्मीरी दरवाजा सुरुंगाने उडवून १४ तारखेस शहरात प्रवेश केला, तेव्हा हाच परिसर त्यांचा तळ बनला. घुमटावरील गोल आणि क्रूस गोळ्यांनी चाळणीसारखे झाले होते. नंतर ते उतरवून आवारात जपून ठेवले गेले. भिंतींवरचे बहुतेक फलक त्या वर्षी मारल्या गेलेल्या इंग्रज कुटुंबांचे आहेत. त्यांतली लहान मुलांची नावे वाचताना कोणाचेही मन द्रवेल. पण त्यानंतरच्या आठवड्यांत शहरात जे हजारो दिल्लीकर मारले गेले, त्यांचे फलक कोणत्याच भिंतीवर नाहीत. नानासाहेब, तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई यांचे नाव घेणाऱ्या आपण मंडळींनी दोन्ही दुःखे एकाच ओंजळीत धरण्याचा प्रयत्न केला पाहिजे.

या फलकांत एक फलक वेगळा आहे. तो डॉक्टर चमनलाल यांचा. दिल्लीच्या सरकारी दवाखान्यात ते काम करीत. गणितज्ञ मास्टर रामचंद्र यांच्यासमवेत ११ जुलै १८५२ रोजी याच चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि सारे शहर खळबळले. मास्टर रामचंद्र हे दिल्ली कॉलेजातील शिक्षक. गणितावरील त्यांचा ग्रंथ डी मॉर्गन यांनी १८५९ मध्ये लंडनला पुन्हा प्रसिद्ध केला, अशी त्यांची योग्यता. आपल्याकडे बाबा पदमनजी किंवा रेव्हरंड टिळक यांना धर्मांतरानंतर जे सोसावे लागले ते आपण वाचले आहे. ही दिल्लीतील तशीच कहाणी. ११ मे १८५७ रोजी चमनलाल आपल्या दवाखान्यासमोर मारले गेले. रामचंद्र कसेबसे वाचले. इंग्रज नावांच्या त्या भिंतीवर एका हिंदी डॉक्टराचे नाव आहे, आणि ते या चर्चचे उपासक होते हीच तिथली त्यांची ओळख आहे.

राजधानी दिल्लीस आल्यावर व्हाइसरॉय उपासनेसाठी इथे येत. १९३१ मध्ये नव्या दिल्लीत राष्ट्रपतिभवनाजवळ हेन्री मेड याच्या आराखड्याचे कॅथीड्रल सिद्ध झाले आणि तो मान तिकडे गेला. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. सेंट जेम्स आज त्या संस्थेत आहे. रविवारी तिथे उपासना होते. समोरून मेट्रोची गर्दी वाहते, आंतरराज्य बसस्थानकाकडे रिक्षा धावतात, आणि फाटकाच्या आत जुन्या झाडांची सावली असते.

चर्चपासून उत्तरेकडे निघालात तर फार वेळ न लागता अलीपूर रोड लागतो. तिथे २६ क्रमांकाच्या घरी ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. आज तिथे राष्ट्रीय स्मारक आहे. २०१८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ज्यांनी ओंजळीत घेतले, ते महापुरुष आणि त्या निनावी म्हातारीच्या पाण्याची आठवण असलेली वास्तू, दोन्ही दिल्लीच्या एकाच भागात, एका फेरफटक्यात पाहण्याजोगी आहेत. हा योगायोग आहे, हे आम्ही जाणतो. पण योगायोगानेही शहाणे व्हावे.

मंडळींनो, या सगळ्यातून आपण काय घ्यावे? आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने इकडे आली. कोणी गोल मार्केटच्या सरकारी घरांत संसार मांडला, कोणी पुढे गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबादला घर केले. आपली मुले इथे जन्मली. सुटीत पुण्याला किंवा नागपूरला गेली की नातेवाईक त्यांना ‘दिल्लीवाले’ म्हणून चिडवतात, आणि इथे वर्गात त्यांना ‘मराठी’ म्हणून ओळखतात. ‘आई, आपण नक्की कुठले गं?’ हा प्रश्न ज्या घरात विचारला गेला नाही, असे घर या सभागृहात क्वचितच असेल.

स्किनरला हाच प्रश्न फार क्रूरपणे विचारला गेला होता, आणि दोन्हीकडून त्याचे उत्तर ‘आमचा नव्हे’ असे आले. त्याने कोणाशी वाद घातला नाही. त्याने आपली ऋणे ओळखली. पाणी पाजणाऱ्या म्हातारीचे ऋण, मीठ खाऊ घातलेल्या शिंद्यांचे ऋण, मित्राचे ऋण, आणि ज्याने वाचविले त्या परमेश्वराचे ऋण. जमेल तसे, जमेल तेव्हा, एकेक ऋण तो फेडत गेला. आज तो दिल्लीचा नव्हता असे कोण म्हणेल? आपण कुठले, याचे उत्तर जन्मदाखल्यावर अर्धेच मिळते. उरलेले अर्धे आपण कोणाचे ऋण मानतो आणि कुठे फेडतो, त्यावरून ठरते.

म्हणून सुवर्णमहोत्सवानिमित्त आमची मंडळाला एक नम्र सूचना आहे. थंडीच्या दिवसांत एखाद्या रविवारी मुलाबाळांसह एक सहल काढावी. सकाळी चांदणी चौकात गौरीशंकराचे दर्शन घ्यावे. तिथून कश्मीरी दरवाज्याला जाऊन, उपासना आटोपल्यावर, परवानगी घेऊन सेंट जेम्स पाहावे. मग अलीपूर रोडवर बाबासाहेबांना वंदन करावे. आणि परतताना यमुना ओलांडून पटपडगंजच्या जुन्या रणांगणावरून मुलांना न्यावे. डबे घरूनच आणावेत, आणि एखाद्या डब्यात ज्वारीची भाकरी असावी. ती हातात देऊन उनियाऱ्याच्या म्हातारीची गोष्ट सांगावी. पाठ्यपुस्तकापेक्षा ती अधिक लक्षात राहील.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ उभे केले, त्यांनीही मनाशी काही बोलले असेल. परमुलखात आपल्या माणसांना एक घर असावे, असे काही. त्यांतील कितीतरी जण आज हयात नाहीत आणि त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. गणेशोत्सवात वाढपाच्या पंक्ती सांभाळणारे हात, नव्याने आलेल्या बिऱ्हाडाला पहिल्या रात्री पिठले-भात नेऊन देणाऱ्या माउल्या यांची नावे अहवालात येत नाहीत. त्यांची यादी करावी, आणि पुढच्या पन्नास वर्षांत दिल्लीत नव्याने येणाऱ्या कोणाही माणसाला, तो मराठी असो वा नसो, पहिला तांब्या पाणी आपल्या दारात मिळावे, एवढा नवस आज आपण बोलावा. तो फेडायला छत्तीस वर्षे थांबण्याचे कारण नाही.